कार्डातली सगळी गाणी तुमची नव्हेत

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातल्या 33 वर्षांच्या एका वाचकाने लिहिलं आहे. 2012 ते 2016 ही चार वर्षं ते इंजिनिअरिंगला होते, हॉस्टेलवर राहत होते. घर आवरताना जुना फोन आणि त्यातलं 8 जीबीचं मेमरी कार्ड हाती लागलं. त्यात बाराशेच्या वर गाणी निघाली. हौसेने होम थिएटरला लावली, तर निम्मी किरकिरी आणि पातळ वाजली. काहींचे शब्द ऐकून बायकोसमोर ओशाळायला झालं, ती म्हणाली, "हे ऐकत होतास तू?" ज्या चार-पाच गाण्यांवर खरा जीव होता, तीही कोरडी गेली. हल्ली ते नाट्यसंगीत आणि शास्त्रीय ऐकतात, देवल क्लबच्या मैफलींना जातात. पुढच्या महिन्यात हॉस्टेलची जुनी टोळी पन्हाळ्यावर जमणार आहे आणि गाण्यांची जबाबदारी यांच्यावर आली आहे. ते विचारतात: माझी आवड तेव्हा इतकी सुमार होती का? ती गाणी आता भिडत का नाहीत? आणि हे कार्ड ठेवू की पुसून टाकू?

उत्तर:

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाला आधी घेतो, कारण उशीर झाला तर फक्त त्याचंच नुकसान होणार आहे. कार्ड पुसू नका. शक्य तितक्या लवकर त्याची पूर्ण प्रत करून ठेवा. मेमरी कार्डात माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठते आणि कार्ड वर्षानुवर्षं पडून राहिलं की तो भार हळूहळू गळतो. दहा वर्षं पडलेलं कार्ड आज वाजलं याचा अर्थ पुढच्या दिवाळीला वाजेलच असा नाही.

मात्र प्रत करण्याआधी एक काम आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. कार्ड ॲडाप्टरमध्ये घाला, ॲडाप्टरच्या कडेची छोटी पट्टी 'लॉक'कडे सरकवा (म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही) आणि रीडरने कॉम्प्युटरला जोडा. गाण्यांचं फोल्डर उघडून यादी 'डिटेल्स' स्वरूपात लावा आणि 'डेट क्रिएटेड' हा रकाना दिसायला लावून त्यानुसार क्रम करा. हे कार्डावरच करायचं. विंडोजमध्ये प्रत केली की त्या रकान्यात प्रत केल्याची तारीख येते आणि जुनी जाते. शेजारचा 'डेट मॉडिफाइड' टिकतो, पण तो फाइलीत शेवटचा बदल कधी झाला ते सांगतो; ती तुमच्या कार्डात कधी आली ते नाही. रकान्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. काही फाइलींवर 1 जानेवारी 1980 दिसलं तर गोंधळू नका. फोनची तारीख लागलेली नसताना त्या उतरल्या, इतकाच त्याचा अर्थ.

आता ती यादी बघा. माझा अंदाज असा की चारशे-पाचशे गाण्यांवर एकाच दिवसाची तारीख असेल, आणि वेळ पाहिली तर सगळी वीस-पंचवीस मिनिटांत उतरलेली. ती तुम्ही निवडलेली नाहीत. ती मोबाईल शॉपीवाल्याने भरून दिलेली आहेत. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ येईपर्यंत 1 जीबी डेटाला अडीचशेच्या आसपास रुपये मोजावे लागत. गाणी डाउनलोड करत बसण्यापेक्षा दुकानात कार्ड देऊन 'मराठी, हिंदी, डीजे, सगळं भर' म्हणणं स्वस्त पडायचं. दुकानदाराकडे फोल्डर तयार असायचं. तेच तुमच्या कार्डात, तेच तुमच्या रूम पार्टनरच्या, तेच राजारामपुरीतल्या निम्म्या पोरांच्या. बायकोने जे ऐकून भुवया उंचावल्या, त्यातलं बरंचसं या ढिगातलं निघेल.

तुमची आवड शोधायची असेल तर एकेकट्या तारखांकडे बघा. अमुक दिवशी रात्री साडेअकराला एकच गाणं आलं आहे. पुढच्या आठवड्यात दोन. 'ब्लूटूथ' नावाच्या फोल्डरमध्ये मित्राकडून मागून घेतलेलं एखादं. ही गाणी कोणीतरी मुद्दाम घेतली होती, आणि तो कोणीतरी तुम्ही होता. बाराशेतून अशी शंभर-दीडशे निघाली तरी पुष्कळ. आवड सुमार होती की नव्हती हा निवाडा करायचाच असेल तर त्या शंभरांवर करा. दुकानदाराच्या फोल्डरची लाज तुम्ही कशाला वागवायची?

स्क्रीनशॉट झाले की पूर्ण कार्डाची प्रत घ्या. लपलेली फोल्डर दिसायला लावून, निवड न करता, सगळं. मध्येच एखाद्या फाइलीवर कॉपी अडकली तर ती वगळून पुढे जा आणि शेवटी पुन्हा प्रयत्न करा. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर. या प्रतींतल्या फाइलींची नावं बदलायची नाहीत, कितीही गचाळ असली तरी. कारण पुढे सांगतो.

ज्यांचं कार्ड उघडतच नाही अशा वाचकांसाठीही दोन गोष्टी. 'कार्ड फॉरमॅट करा' असा संदेश आला तर नकार द्या, कार्डाचे सोनेरी पट्टे कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि दुसऱ्या रीडरमध्ये घालून बघा. तरीही नाही झालं तर फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर बरंच काही परत काढतं. काढलेल्या फाइली त्याच कार्डावर न ठेवता दुसऱ्या डिस्कवर साठवायच्या, नाहीतर उरलेलंही पुसलं जातं. त्यात फाइलींची मूळ नावं जातात, नुसते आकडे उरतात. मग म्युझिकब्रेन्झ पिकार्ड नावाचं सॉफ्टवेअर गाण्याच्या आवाजावरून नाव ओळखून देतं, हिंदीला बऱ्यापैकी आणि मराठीला कमी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अँड्रॉइड 6 पासून कार्ड फोनच्या 'इंटर्नल स्टोरेज'चा भाग म्हणून जोडता येऊ लागलं. तसं जोडलेलं कार्ड एन्क्रिप्ट झालेलं असतं आणि ते फक्त त्याच फोनमध्ये उघडतं. म्हणून कार्ड वाचून होईपर्यंत जुना फोन रीसेट करू नका, भंगारातही देऊ नका.

आता 'किरकिरी वाजली' याकडे येतो. तुम्ही फाइलीचा दोष गाण्यावर ढकलला आहे, आणि गाण्याचा स्वतःवर. मध्ये निदान तीन गोष्टी आहेत: फाइल, स्पीकर आणि गाणं.

त्या काळातल्या बहुतेक फाइली 128 केबीपीएसच्या असत (एका सेकंदाच्या आवाजासाठी किती माहिती ठेवली, त्याचं हे माप). मिनिटाला जवळपास 1 एमबी, पाच मिनिटांचं गाणं पावणेपाच-पाच एमबी. 8 जीबीत भरपूर मावावीत म्हणून हा हिशोब सगळ्यांच्या सोयीचा होता. फाइल लहान व्हावी म्हणून आवाज इतका दाबताना साधारण 16-17 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं आणि खालचंही तपशिलाने राहत नाही. झांजा, टाळ्या, हाय-हॅट पाण्याखालून आल्यासारखे सळसळतात. हॉस्टेलच्या गलक्यात, शंभर-दीडशे रुपयांच्या इअरफोनवर हे कळतच नव्हतं. होम थिएटर मात्र ते लपवत नाही. शिवाय सगळ्या फाइली 128 च्याही नसतात. कोणीतरी व्हिडिओवरून आवाज काढला, दुसऱ्याने तो बदलून पुन्हा दाबला, तिसऱ्याने 64 च्या मोनोत आणला. प्रत्येक वेळी पुन्हा दाबताना थोडं जातं. मात्र ब्लूटूथने एका फोनमधून दुसऱ्यात फाइल पाठवल्याने काहीच जात नाही, ती जशीच्या तशी पोचते. त्यावर उगाच खापर फोडलं जातं. ब्लूटूथ स्पीकरवर गाणं *वाजवताना* आवाज पुन्हा दाबला जातो, ती वेगळी गोष्ट.

नावात '320' लिहिलेलं असलं तरी भुलू नका. स्पेक हे मोफत सॉफ्टवेअर फाइलीतल्या कंप्रतांचं चित्र दाखवतं. 16 किलोहर्ट्झवर सरळ रेघ मारून वरचं सगळं काळं दिसलं, तर ती मुळातली 128 चीच फाइल, फुगवून 320 केलेली. आता तुम्हीही घरी 128 ची 320 करत बसू नका. आकार अडीचपट होतो, गेलेलं परत येत नाही.

ज्या गाण्यांवर जीव होता ती पाच गाणी घ्या. कोणत्याही म्युझिक ॲपवर त्यांचं अधिकृत ध्वनिमुद्रण शोधा आणि कार्डातली फाइल व ते पाठोपाठ ऐका. दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. मोठ्याने वाजतं ते नेहमीच चांगलं वाटतं, तिथे बहुतेकांचा कौल चुकतो. वायरवाला इअरफोन लावा, फोनमधला इक्वलायझर आणि 'बास बूस्ट' बंद करा. उदाहरणच द्यायचं तर 2016 च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमधल्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला होता. व्हायोलिनांचा तो सगळा थर 64 च्या मोनो फाइलीत एक धूसर गुंजन होऊन बसतो. ते ऐकून 'गाणंच पोकळ होतं' असं ठरवणं बरोबर नाही. ही परीक्षा केल्यावर पाचातली दोन-तीन गाणी तरी सावरतील. जी अधिकृत ध्वनिमुद्रणातही पडली, ती पडली. त्यात कोणाचंच काही बिघडत नाही.

दोन्हीकडे उंच स्वर टोचतच असतील, किंवा शांत खोलीत कानात शिट्टी वाजत असेल, तर गाण्यांचा विचार बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. आपल्या गावात गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीसमोर पाच-सहा तास नाचलेल्यांनी ही शंका हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबल फक्त 4 तास. डॉल्बीच्या भिंतीसमोरचा आवाज त्याच्याही कितीतरी वर असतो.

आता ती गाणी कोरडी का गेली, ते पाहू.

साधारण 10 ते 30 या वयातल्या गोष्टी माणसाला पुढे जास्त आठवतात आणि त्या वयातलं संगीत त्यात घट्ट बसतं, हे मानसशास्त्रात चांगलं तपासलं गेलेलं आहे. पण गाण्यावरून आठवण उठायची असेल तर ते गाणं त्या काळापुरतंच राहिलेलं असावं लागतं. जे गाणं 2016 नंतर प्रत्येक वरातीत, प्रत्येक मिरवणुकीत, प्रत्येक रिक्षात वाजलं, ते हॉस्टेलच्या गच्चीशी बांधलेलं राहत नाही. त्यावर पन्नास लग्नं येऊन बसली. तुमच्या 'जीव असलेल्या' गाण्यांत अशी किती आहेत ते बघा. उलट एखादं साधंसं, कुठेच न गाजलेलं, 2014 नंतर कानावरच न पडलेलं गाणं अचानक लागलं तर तुम्हाला त्या मेसच्या आमटीचा वास येईल. भिडेल ते गाणं बहुधा आवडत्यांच्या यादीत नसतंच, म्हणून तुम्ही ते अजून लावलेलं नाही.

आणि तुम्ही ऐकलंत कसं? दिवाणखान्यात, शेजारी बायको, हातात रिमोट, अर्धा मिनिट ऐकून पुढचं. ते ऐकणं नव्हतं, झडती होती. एकदा असं करून बघा. प्रतीतल्या, नावं न बदललेल्या फोल्डरमधली गाणी फोनवर घ्या, शफल बंद करा, नावाच्या क्रमाने लावा आणि रंकाळ्याला एक पूर्ण फेरी मारा. क्रम महत्त्वाचा आहे. त्या फोनमध्ये गाणी बहुधा नावाप्रमाणे एकामागून एक वाजायची, त्यामुळे दोन गाण्यांचा एकमेकांशी काही संबंध नसला तरी पहिलं संपता संपता कान पुढच्याच्या सुरुवातीची वाट बघतो. बहुतेकांचा गळा भरून येतो तो दोन गाण्यांच्या मधल्या त्या दोन सेकंदांत. म्हणूनच म्हटलं, नावं बदलू नका. नीटनेटकी यादी हवीच असेल तर तिसरी प्रत करा आणि तिच्यावर एमपी3टॅग चालवून संकेतस्थळांची नावं, आकडे, प्रश्नचिन्हं झालेलं देवनागरी, सगळं साफ करा.

एखादं गाणं भिडलं तर मात्र ते रोज लावू नका. महिनाभर गाडीत तेच वाजलं की ते गाडीचं गाणं होतं, हॉस्टेलचं राहत नाही. काही गाणी वर्षातून एकदाच ऐकायची म्हणून बाजूला ठेवावीत, हे माझं ठाम मत आहे.

हीन आवडीचा मुद्दा उरला. तुम्ही एक जिना गृहीत धरला आहे: खाली डीजे, वर देवल क्लब, आणि तुम्ही चढून आलात. मला त्या जिन्याबद्दल शंका आहे. आज आदराने ऐकलं जाणारं नाट्यसंगीत त्याच्या काळात चलनी संगीतच होतं. 'मानापमान' 1911 मध्ये रंगभूमीवर आलं. आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी त्याला चाली देताना उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा ढंग बेधडक आणला. लोकांना आवडलं म्हणून ते टिकलं. आणि ज्या कानाने तुम्ही 2013 मध्ये ढोलाची लय पकडलीत, त्याच कानाने आज झपतालाची सम पकडता. कान बदलून मिळत नाहीत.

पण शब्दांबद्दल तुम्हाला जे वाटलं, ते मी झटकून टाकणार नाही. बाईला वस्तू करणारी काही गाणी त्या काळात सर्रास वाजली आणि आपण सगळे ताल धरून होतो. आज ती टोचतात, हे ठीकच आहे. बायकोने विचारलं तर बचाव करू नका, 'तेव्हा सगळेच ऐकायचे' हेही नको. 'हो, ऐकत होतो, शब्दांकडे लक्षच नव्हतं' एवढं सरळ उत्तर पुरेसं आहे. मग तिला तिच्या त्या काळातल्या पाच गाण्यांची नावं विचारा. ती गप्प बसणार नाही, आणि संध्याकाळ बरी जाईल. न वाजवताही फाइल ठेवता येते.

काय जपायचं याबाबत एक उलटा सल्ला देतो. ज्या फाइलींची तुम्हाला सर्वांत जास्त लाज वाटते त्या आधी जपा. सिनेमाची गाणी कुठेही मिळतील. पण गल्लीतल्या एखाद्या डीजेने केलेली मिक्स, मधे स्वतःचं नाव ओरडणारी, कुठल्याच ॲपवर नाहीत. गॅदरिंगला फोनवर केलेलं रेकॉर्डिंगही तिथे नाही. 'एएमआर' किंवा '3जीपी' नावाच्या शेपटीच्या फाइली दिसल्या तर त्या व्हीएलसीवर उघडा. आवाज टेलिफोनसारखाच येईल, कारण त्या बोलण्याच्या आवाजापुरत्याच बनवलेल्या असतात. त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसण्याची शक्यता मोठी आहे. ॲपवरच्या यादीचाही फार भरवसा धरू नका. एअरटेलचं विंक हे गाण्यांचं ॲप 2024 मध्ये बंद झालं. गाण्याचं नाव, गायक आणि वर्ष साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवा.

राहिलं पन्हाळं. कार्डावरून यादी बनवायची नाही. ग्रुपवर एकच निरोप टाका: 'फोनमध्ये न शोधता, आठवतील ती हॉस्टेलची तीन गाणी सांगा.' न शोधता, ही अट सोडू नका. नाहीतर सगळे त्या वर्षांच्या हिट गाण्यांच्या तयार याद्या चिकटवतील. आठ-दहा जणांकडून पंचवीस-तीस नावं येतील, काही सामाईक निघतील. पंचवीस गाण्यांचे दोन तास होतात, तेवढे पुरेत. मंडळी गाणी ऐकायला नाही, बोलायला येणार आहेत.

जिथे अधिकृत गाणं मिळतं तिथे ते घ्या आणि घरूनच डाउनलोड करून न्या, गडावर रेंजच्या भरवशावर राहू नका. डीजे मिक्स कार्डातलीच घ्यावी लागतील. ती इतरांपेक्षा फार मोठ्याने वाजतात, आणि दर गाण्याला कोणीतरी आवाज कमी करायला उठतो. त्यासाठी कार्डातून घेतलेल्या सगळ्या फाइलींच्या *प्रतीवर* एमपी3गेन हे सॉफ्टवेअर चालवा आणि पातळी 89 डेसिबलवर ठेवा. ते आवाज पुन्हा दाबत नाही, नुसती पातळी सारखी करतं. मुळातच फाटलेला आवाज मात्र फाटलेलाच राहील. तो दुरुस्त होत नाही, फक्त हळू वाजवता येतो. स्पीकर कोपऱ्यात भिंतीला टेकवला की बास फुगतो आणि बोलणं ऐकू येईनासं होतं, म्हणून भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ठेवा. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे. म्हणून नाचायची गाणी जेवणाआधी संपवा आणि हळू वाजणारी मागे ठेवा.

ती बोलण्याची जुनी रेकॉर्डिंग सापडली, तर ज्याचा आवाज आहे त्याला आधी एकट्याला ऐकवा. दहा वर्षांपूर्वी रात्री दोनला कोण कोणाबद्दल काय बोललं असेल सांगता येत नाही, आणि या वेळी काहींच्या बायकाही येणार असतील.